सासवण्याचें शिल्पालय

प्रवासाहून परतलेल्या माणसास आपण पहिला प्रश्न विचारतों तो हा, कीं "काय काय पाहून आलांत?" आणि तोही बोटें मोजीत सांगूं लागतो : किल्ला पाहिला, देऊळ पाहिलें, समुद्र पाहिला, बाजार पाहिला. यांत त्याचा दोष नाहीं. 'पाहणें' हा शब्दच आपण आतां फार स्वस्त करून टाकला आहे. धांवत्या मोटारींतून जें ओझरतें दिसलें तें पाहिलें, आणि मोबाइलवर छायाचित्र टिपून ज्याकडे लगेच पाठ फिरविली तेंही पाहिलेंच ! वास्तविक डोळे उघडे असणें निराळें आणि पाहणें निराळें. गेल्या नाताळच्या सुट्टींत शाळेच्या ११ विद्यार्थ्यांसह आम्ही अलिबागकडे सहलीस गेलों असतां या दोहोंतील अंतर जितकें स्पष्ट दिसलें, तितकें तें २० वर्षांच्या अध्यापनांत क्वचितच दिसलें असेल. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ विद्यार्थी व पालक सुट्टींत कोठें ना कोठें जात असतात. त्यांच्या उपयोगीं पडावी या हेतूनें ती हकीकत येथें देत आहों.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून निघालेली लाँच सुमारें तासाभरांत मांडव्याच्या धक्क्यास लागते. हिवाळ्याचे दिवस असल्यामुळें समुद्रपक्ष्यांचे थवे लाँचेबरोबर उडत येत होते व मुलांचें सारें चित्त त्यांत गुंतलें होतें. मांडव्याहून अलिबागेस जातांना वाटेंत नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. बहुतेक प्रवासी थेट अलिबाग गांठतात आणि तेथील समुद्रांत उभा असलेला कुलाबा किल्ला पाहून परततात. आम्हीं मात्र मांडव्यापासून जवळच असलेल्या सासवणें या गांवीं उतरण्याचें आधींच ठरविलें होतें. कारण या लहानशा गांवांत एक असें घर आहे, कीं ज्याच्या बागेंत आणि खोल्यांत मिळून एकाच माणसाच्या हातचीं शंभराहून अधिक शिल्पें ठेवलेलीं आहेत. तें घर शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचें. त्यांना सर्वजण नानासाहेब म्हणत. त्यांच्या पश्चात् कुटुंबीयांनीं हें सर्व जतन करून लोकांस पाहण्यास खुलें केलें. 'करमरकर शिल्पालय' असें त्याचें नांव आहे.

संग्रहालय म्हटलें, कीं मुलांच्या डोळ्यांपुढें कांचेचीं कपाटें, धुरकट दिवे आणि "हात लावूं नये" अशा पाट्या येतात. येथें फाटकांतून आंत शिरतांच त्यांना दिसली ती झाडांची सावली, आणि त्या सावलींत ठेवलेलीं शिल्पें. इतकेंच नव्हे, तर त्यांत एक म्हैस ! पूर्ण आकाराची, सिमेंटची म्हैस. मुलें प्रथम हंसलीं. एकीनें धीर करून विचारलें, "सर, म्हशीचाही पुतळा करतात?"

प्रश्न अगदीं स्वाभाविक होता. आमच्या गांवांत आणि शहरांत जे पुतळे मुलांनीं पाहिलेले असतात ते राजांचे, पुढाऱ्यांचे, संतांचे. पुतळा म्हणजे मोठेपणाचें प्रमाणपत्र अशी त्यांची समजूत झालेली असते. आम्हीं त्या मुलीस तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. त्याऐवजीं सर्वांना एक काम सांगितलें : प्रत्येकानें एकच शिल्प निवडावें, त्यापाशीं १५ मिनिटें थांबावें, छायाचित्र काढूं नये, शिल्पाच्या चारी बाजूंनीं फिरावें, आणि समोरून न दिसलेली एक तरी गोष्ट येऊन आम्हांस सांगावी.

चारी बाजूंनीं फिरण्याचा आग्रह आम्हीं कां धरला तें सांगतों. चित्र भिंतीवर टांगलेलें असतें. त्याला पुढची बाजू तेवढी असते. भाद्रपदांत आपण मखरांत गणपति बसलेला पाहतों, तोही समोरूनच. त्याची पाठ कशी आहे हें पाहण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु उघड्या बागेंत ठेवलेल्या शिल्पास मागची बाजू लपवितां येत नाहीं. त्याच्या भोंवतीं वाट असते, माणसें कोठूनही येतात. म्हणून शिल्पकारास पाठ, टांच, मानेमागचा खळगा, सारें कांहीं तितक्याच आस्थेनें करावें लागतें. आणि जो प्रेक्षक फिरत नाहीं, त्यानें अर्धे शिल्प पाहिलेलेंच नसतें.

पहिलीं पांच मिनिटें मुलें चुळबुळ करीत होतीं. कोणी घड्याळ पाहत होतें, कोणी एकमेकांस खुणावीत होतें. त्यानंतर हळूहळू बाग शान्त झाली. एका मुखवट्यासमोर बसलेली मुलगी थोड्या वेळानें धांवत आली व म्हणाली, "सर, मघाशीं हा चेहरा हंसरा वाटत होता, आतां ऊन सरकलें तर विचारांत पडल्यासारखा दिसतो!" ही गोष्ट आम्हीं वर्गांत तासभर समजावून सांगितली असती तरी तिला इतकी पटली नसती. शिल्पकार मूर्ति घडवितो आणि प्रकाश ती पुन्हां पुन्हां घडवितो. सकाळची मूर्ति संध्याकाळीं तीच राहत नाहीं.

परंतु ज्याच्याविषयीं मुख्यतः लिहावयाचें तो मुलगा निराळाच. त्याचें नांव येथें देत नाहीं. तो आठवींत आहे. वर्गांत मागच्या बाकावर बसतो. प्रश्न विचारला कीं मान खालीं घालतो. इंग्रजीच्या व गणिताच्या वह्यांत त्याचे गुण सांगण्यासारखे नसतात, मात्र त्याच वह्यांच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनें काढलेले बैल, कुत्रे, सायकली, माणसें यांची गर्दी असते. घरीं दुधाचा धंदा आहे. पहाटे उठून धार काढण्यास वडिलांना मदत करून मग तो शाळेंत येतो. हा मुलगा सरळ म्हशीपाशीं गेला. १५ मिनिटें झालीं, बाकीचे परत आले, तरी हा तेथेंच. आम्ही जवळ गेलों तेव्हां तो मागच्या बाजूस उकिडवा बसून पाहत होता. आम्हीं विचारलें, "काय दिसलें?" त्यावर तो जें बोलला तें आम्हीं त्याच दिवशीं रात्रीं टिपून ठेविलें. तो म्हणाला, "सर, समोरून पाहिलें तर ही नुसती म्हैस आहे. मागून पाहिलें तर ही कोणाची तरी म्हैस आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हिला कोणीतरी रोज चारा घालतें, धुतें, असें वाटतें. कातडी कोठें ताणते नि कोठें लोंबते हें नुसतें चित्र बघून कोणाला जमणार नाहीं. ज्यानें ही केली त्यानें रोज गोठ्यांत जाऊन म्हैस बघितली असणार. हांक मारली तर ही कान हलवील."

या मुलाच्या तोंडून सलग इतकीं वाक्यें आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलीं नव्हतीं. जिनें "म्हशीचाही पुतळा करतात?" असें विचारलें होतें ती मुलगी मुकाट्यानें म्हशीच्या मागच्या बाजूस गेली व पुष्कळ वेळ उभी राहिली. तिला निराळें उत्तर देण्याची गरज उरली नाहीं.

मुलांचा दुसरा प्रश्न सिमेंटविषयींचा होता. संगमरवर किंवा ब्राँझ हे शिल्पाचे पदार्थ म्हणून त्यांना ठाऊक होते. पण घराच्या पायऱ्यांना आणि पाण्याच्या टाक्यांना वापरावयाचें सिमेंट शिल्पास कसें? याचें उत्तर थोडक्यांत असें आहे. प्रथम लोखंडी सळया व तारा यांचा सांगाडा उभा करतात. त्यावर ओली माती थापून, खरवडून, पुन्हां थापून मूर्ति तयार करतात. काम चालू असेपर्यंत ती ओल्या फडक्यानें झांकून ठेवावी लागते, नाहींतर माती वाळून तडे जातात. मूर्ति मनासारखी झाली, कीं तिच्यावर प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनीं घेतात. साचा उतरविला, कीं आंतील मातीचें काम संपतें. बहुधा ती मूर्ति त्यांतच मोडते. मग रिकाम्या साच्यांत प्लास्टर किंवा सिमेंट भरतात, मजबुतीसाठीं आंत सळया घालतात, आणि तें घट्ट झाल्यावर साचा काढून घेतात. म्हणजे शिल्पकाराचीं बोटें ज्या मातीवर फिरलीं ती माती आपल्याला कधींच दिसत नाहीं. तिनें सोडलेल्या पोकळीचें रूप तेवढें आपल्यापुढें असतें.

यांत आणखी एक मर्म आहे. ब्राँझची मूर्ति ओतावयाची तर धातूचा व ओतकामाचा मोठा खर्च येतो; तेव्हां कोणी राजा, धनिक किंवा संस्था मागणी करील तरच ती होते. अशी मागणी थोरांच्या पुतळ्यांना येते. म्हशीचा पुतळा करा म्हणून कोण पैसे मोजणार? सिमेंट स्वस्त, त्यामुळें शिल्पकारास कोणाच्या मागणीची वाट न पाहतां स्वतःच्या मनांतलें काम करतां येतें. शिवाय खाऱ्या वाऱ्यांत आणि कोंकणच्या पावसांत तें उघड्यावर उभें राहूं शकतें. तेव्हां ज्या पदार्थास आपण हलका समजतों त्यानेंच या शिल्पकारास स्वतंत्र केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बागेंतून घरांत गेल्यावर हा फरक अधिकच लक्षांत येतो. आंत थोर स्त्रीपुरुषांचे अर्धपुतळे आहेत. मागणीवरून केलेल्या कामांची आठवण देणारीं शिल्पें आहेत. आणि त्यांच्याच शेजारीं, त्याच मानानें, नित्याच्या जीवनांतलीं माणसें आहेत. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचें 'शंखध्वनि' हें शिल्प करमरकरांच्या फार नांवाजलेल्या कृतींपैकीं एक. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यास सुवर्णपदक मिळालें होतें. किनाऱ्यावरच्या कोळी तरुणीचें त्यांचें शिल्पही तसेंच प्रसिद्ध आहे. सासवण्यासारख्या गांवीं ज्यानें बाळपण घालविलें त्यानें कोळणी रोजच पाहिल्या असतील. त्या इतरांनींही पाहिल्याच होत्या. परंतु मासळीची पाटी घेऊन दारीं येणाऱ्या बाईशीं भावाची घासाघीस करणें आणि तिच्या मानेचा डौल पाहणें, यांत केवढें अंतर आहे !

आतां या माणसाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थ्यांनीं व त्याहूनही पालकांनीं ती ऐकण्यासारखी आहे. करमरकरांचा जन्म १८९१ सालीं सासवण्यासच झाला. घरांत गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात; तोच त्यांचा पहिला वर्ग. कुमार वयांत त्यांनीं गांवच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें. आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याचें नांव त्या काळीं कुलाबा. त्या जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस तें चित्र पडलें. त्यांनीं चित्र काढणाऱ्याची चौकशी केली, त्याला बोलावून घेतलें, आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लाविली. तेथून पुढें १९१६ सालीं करमरकर कलकत्त्यास गेले. तेथें रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांचें साहाय्य त्यांना लाभलें. त्यानंतर लंडनच्या रॉयल अकॅडमींतही त्यांनीं अभ्यास केला.

पुण्यास गेलेल्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांतील शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहिला असेल. कोल्हापूरचे छत्रपति शाहूमहाराज यांच्या पुढाकारानें त्या स्मारकाची कोनशिला १९२१ सालीं बसविण्यांत आली, आणि १९२८ सालीं पुतळ्याचें अनावरण झालें. सुमारें १३.५ फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा करमरकरांनींच केलेला आहे. देवळाच्या भिंतीवर ज्या मुलानें महाराजांचें चित्र रेखाटलें, त्याच्याच हातून पुढें हा पुतळा घडावा, हा योग विलक्षण खरा. परंतु त्याला नुसता योग म्हणणें बरोबर नाहीं. भिंत आणि पुतळा यांच्यामध्यें कित्येक वर्षांची मेहनत आहे, आणि त्या मेहनतीच्या आरंभीं एका परक्या माणसाचें पाहणें आहे.

१९६२ सालीं सरकारनें त्यांना 'पद्मश्री' दिली. १९६७ सालीं ते निवर्तले. एवढा मान मिळविलेल्या माणसानें आपल्या गांवच्या घरीं म्हैस घडवावी आणि ती बागेंत ठेवावी, हें आम्हांस त्यांच्या सर्व पदकांहून अधिक बोलकें वाटतें. महाराजांच्या घोड्याचे स्नायू ज्या डोळ्यांनीं तपासले त्याच डोळ्यांनीं म्हशीची कातडी तपासली. एकासाठीं जास्त आस्था आणि दुसऱ्यासाठीं कमी, असा हिशेब त्यांत कोठें दिसत नाहीं.

परतीच्या लाँचेंत बसल्यावर आमच्या मनांत सारखा तो कलेक्टर घोळत होता. जिल्ह्याचा अधिकारी फिरतीवर आला असतां त्याच्यापुढें शेतसाऱ्याचे कागद असतात, तक्रारी असतात, दिवस मावळण्याची घाई असते. भिंतीवरचें चित्र पाहून "छान आहे" म्हणून पुढें जाणें हेंही कमी नव्हतें. पण हा गृहस्थ थांबला; चित्रामागचा मुलगा कोण हें त्यानें विचारलें. शिल्पाच्या मागच्या बाजूस जाणें तें हेंच. आपल्या शाळांत मूल आपण बहुधा समोरूनच पाहतों. समोरची बाजू म्हणजे प्रगतिपुस्तक. तें खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षकाच्या हातून लिहिलें गेलेलें तें खरेंच असतें. परंतु ती एकच बाजू आहे, आणि मुलाला चार बाजू असतात.

सुट्टीनंतर त्या आठवींतल्या मुलाचे वडील प्रगतिपुस्तक घेण्यास शाळेंत आले. मुलास पुढील वर्षीं शासनाच्या रेखाकला परीक्षेस, म्हणजे एलिमेंटरीस, बसावयाचें होतें. वडिलांचा विरोध होता. ते म्हणाले, "सर, चित्रें काढून पोट भरतें का? तेवढा वेळ गणिताच्या शिकवणीस दिला तर बरें." त्यांच्या बोलण्यांत तुसडेपणा नव्हता. पहाटे चारला उठणाऱ्या आणि कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाची ती रास्त काळजी होती. आम्हीं त्यांना खोटी आशा दाखविली नाहीं. तुमचा मुलगा मोठा शिल्पकार होईल असें आम्ही म्हटलें नाहीं, कारण तें कोणासच सांगतां येणार नाहीं. आम्हीं इतकेंच सांगितलें, कीं हा मुलगा पाहतो. ज्याला असें पाहतां येतें तो उद्यां गुरांचा डॉक्टर झाला तर जनावराचें दुखणें लवकर ओळखील. गंवडी झाला तर भिंत ओळंब्याआधीं डोळ्यानें तपासील. तुमचाच धंदा त्यानें केला तरी तो अधिक चांगला करील. मात्र वापरलें नाहीं तर हें पाहणें हळूहळू बुजून जातें. मग सासवण्याची हकीकत सांगितली, आणि त्यांचा मुलगा म्हशीपाशीं जें बोलला तें वहींतून वाचून दाखविलें.

ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटीं म्हणाले, "तेथें खरोखरच म्हैस आहे?" आम्हीं होय म्हटलें. ते म्हणाले, "मग एकदां बघून आलें पाहिजे. ठीक केली आहे कीं नाहीं, तें आम्हांला कळेल." परीक्षेविषयीं त्यांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. जूनमध्यें शाळा पुन्हां सुरू झाल्यावर अर्ज निघतील, तेव्हां काय तें ठरेल. परंतु मुलगा आणि बाप मिळून त्या म्हशीभोंवतीं फिरत आहेत, हें दृश्य आमच्या डोळ्यांपुढें वारंवार येतें.

विद्यार्थिमित्रहो, सासवणें सर्वांनाच जवळ नाहीं. परंतु लहानमोठें संग्रहालय, जुनी वाडी, देवळाच्या आवारांतील वीरगळ, चौकांतला पुतळा, असें कांहीं ना कांहीं तुमच्या वाटेवर असतेंच. तेथें सर्व पाहण्याचा हव्यास धरूं नका. एकच वस्तु निवडा, तिच्याभोंवतीं फिरा, ती कशाची केली आहे, ती करण्यास काय लागलें असेल, प्रकाश कोठून पडतो, मागची बाजू कशी आहे, हें स्वतःला विचारा. जमल्यास वहींत तिची आकृति काढा. चांगली आली नाहीं तरी चालेल, कारण हात फिरूं लागला कीं डोळा थांबतो. पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मूल एखाद्या वस्तूपाशीं रेंगाळलें तर "चल, उशीर होतो" असें लगेच म्हणूं नये. बस चुकली तर दुसरी येते. पावसाळ्याचे दिवस सोडून सवड काढावी, सासवण्यास जावें, आणि म्हशीच्या मागच्या बाजूस अवश्य उभें राहावें.